चोवीस मात्रांची ओळ

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एक वृद्ध गायनगुरू राहत असत. सारे त्यांना बुवा म्हणत. त्यांनी गावातल्या चाळीस स्त्री-पुरुषांचा एक गायनवृंद उभा केला होता. पोस्टमन, गिरणीवाला, शाळेतल्या बाई, अशी सगळी कामाची माणसे संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात जमत आणि एकत्र गात. ऐंशी उलटल्यावर बुवांनी हा वृंद आपल्या शिष्याच्या हाती सोपवला. शिष्य गुणी होता, मेहनती होता. फक्त अंमळ घाईत असे. गुणी माणसांना हा आजार असतोच.

त्या वर्षी वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होणार होती. समारंभासाठी शिष्याने एक नवी प्रार्थना बसवायला घेतली. तिची शेवटची ओळ संथ लयीत चांगली चोवीस मात्रा चाले. ती सर्वांनी एका दमात गावी, अशी त्याची इच्छा. पण अठराव्या मात्रेशी पोचेतो चाळीसही जणांचा श्वास संपे आणि सगळे एकदम हवा ओढत. ओळ तुटे, आणि सभागृहात लोहाराचा भाता चालल्यासारखा आवाज होई.

शिष्याने मग परीक्षाच सुरू केली. एकेकाला पुढे बोलवायचे, ती ओळ म्हणायला लावायची आणि बोटांवर मात्रा मोजायच्या. शेवटच्या रांगेत द्वारकाबाई उभ्या राहत. ब्लाउज शिवण्याचा त्यांचा व्यवसाय. एकोणीस वर्षे त्या या वृंदात गात होत्या. नुकताच त्यांना न्यूमोनिया होऊन गेला होता, त्यामुळे दहाव्या मात्रेलाच त्यांचा आवाज थांबला.

"आमची गाडी घाटातच बंद पडते हो," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. शिष्य तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "समारंभ होईपर्यंत तुम्ही नुसते ओठ हलवा."

द्वारकाबाईंनी दोन दिवस ओठ हलवले. तिसऱ्या दिवसापासून त्या यायच्याच बंद झाल्या.

बुवांच्या कानावर ही हकीकत गेली. ते काठी टेकत द्वारकाबाईंच्या घरी गेले. आत शिलाई मशीन चालू होते.

"द्वारके, तालमीला का येत नाहीस?"

"बुवा, ओठ काय, मी इथे मशीनसमोरही हलवीन. त्यासाठी वाचनालयाचे जिने कशाला चढू?"

"उद्या ये. गायला ये."

"आणि दम लागला तर?"

"तर थांब."

"थांबू? त्या ओळीत? तुमचा शिष्य मला खिडकीतून खाली टाकेल!"

"टाकू दे. मी खाली उभा राहतो झेलायला," बुवा म्हणाले. द्वारकाबाईंना हसू आवरेना, आणि दुसऱ्या दिवशी त्या आल्या.

त्या संध्याकाळी बुवांनी शिष्याला समोरच्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः रांगांमधून फिरू लागले. प्रत्येकाच्या कानाशी जाऊन ते काही पुटपुटत. कुणी मान डोलावी, कुणी गालातल्या गालात हसे. पोस्टमनने तर "खरंच चालेल?" असे मोठ्याने विचारले. फेरी संपल्यावर बुवांनी हात वर केला आणि शेवटची ओळ गायला सांगितले.

ओळ सुरू झाली. चोवीस मात्रा झाल्या, बुवांचा हात खाली आला नाही. तीस झाल्या, पन्नास झाल्या. शेवटचा सूर नदीसारखा वाहत राहिला. कुठे खंड नाही, कुठे धाप नाही. अखेरीस बुवांचाच हात दुखला तेव्हा तो खाली आला.

शिष्य ताडकन उठला. "बुवा, हा कोणता प्राणायाम? मला का नाही शिकवलात?"

"तिथे बसून तो दिसायचा नाही. जा, द्वारकाबाईंच्या शेजारी उभा राहा आणि तूही गा."

शिष्य रांगेत उभा राहिला. ओळ पुन्हा सुरू झाली. नवव्या मात्रेला द्वारकाबाई गप्प झाल्या. शिष्य दचकला. पण त्यांनी सुईत दोरा ओवावा तितक्या निवांतपणे श्वास घेतला. तेवढा वेळ पलीकडचा पोस्टमन सूर धरून होता. द्वारकाबाई हळूच सुरात मिसळल्या, तसा पोस्टमन थांबला. मागे आणखी कुणी थांबले, कुणी परतले. शिष्य मात्र सवयीने ओळ रेटत होता. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला. द्वारकाबाईंनी त्याला कोपराने ढोसले.

"अहो, घ्या की श्वास! मी आहे ना."

त्याने श्वास घेतला. गाणे चालूच होते. कित्येक दिवसांत प्रथमच त्याचे खांदे सैल झाले.

मग बुवा म्हणाले, "मी प्रत्येकाच्या कानात एकच गोष्ट सांगितली. दम संपायची वाट पाहू नकोस. शेजारी गातो आहे ना, एवढे ऐक, मग हळूच थांब आणि हळूच परत ये. अरे, श्वास कुणाचाही असो, तो संपतो. तुझाही संपला. म्हणून तर माणसे एकत्र उभी राहतात. तू एकेकाला बाजूला काढून मोजलेस, तेव्हा तुझ्यासमोर चाळीस एकटी माणसे होती, वृंद नव्हताच. आणि कधी थांबावे हे आजारपणाने जिला चांगले शिकवले, तिलाच तू गप्प केलेस."

शिष्य द्वारकाबाईंकडे वळला. "बाई, चुकलो मी."

"चुकलात खरे," त्या म्हणाल्या. "पण आधी पाणी प्या. चेहरा बघा केवढा लाल झालाय! आणि उद्यापासून मला मधल्या रांगेत जागा हवी. मागे पंखा लागत नाही."

समारंभात द्वारकाबाई मधल्या रांगेत उभ्या राहून गायल्या.

ही गोष्ट सांगणारा मी कापडाचा व्यापारी, गाण्यातले मला काय कळणार! पण सणाच्या गर्दीत कुणीही जेवायला उठायचे नाही, असा माझ्या दुकानात दंडक होता. दुपारी तीनला सगळे एकदम गळून जात आणि नेमके तेव्हाच गिऱ्हाईक माघारी फिरे. ही गोष्ट ऐकल्यापासून एकेक जण जेवून येतो. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. परवा तर मीसुद्धा मधेच उठून जेवून आलो.