नागीण उतरल्यावरची आग

हिवरदरीत चिंधोजी महाराजांचा मठ होता, आणि मठाच्या ओसरीवर ठकूबाईंची तक्रार रोजची होती. सून साळू कामचुकार, सून सोंगाडी. चारचौघांत पदर धड अंगावर ठेवत नाही, कमरेपासून असा उचलून धरते, जणू पदराला काटे फुटलेत!

खरी गोष्ट अशी, की पावसाळ्यात साळूच्या डाव्या कमरेला नागीण उठली होती. नागिणीवर गेरू लावावा तो ठकूबाईंनीच. तिच्या तोंडापुढे त्यांनी रेघ ओढली की नागीण पुढे सरकत नाही, असा त्यांच्या हाताचा पंचक्रोशीत लौकिक. साळूचे फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी स्वच्छ झाली. आग मात्र आत राहिली. लुगड्याची घडी टेकली तरी जीव कासावीस व्हायचा. ना बसून चैन, ना निजून. पण दुखतंय म्हणावं, तर सासूच्या हाताला गुण नाही असं होतं. ते ठकूबाई कशा ऐकून घेतील? नागीण मी केव्हाच उतरवली, आता उरलाय तो नुसता आळस, असं त्या सांगत सुटायच्या. बायका हसायच्या. साळू खाली मान घालून महाराजांचं नाव घ्यायची.

मठाच्या उत्सवात महाराजांच्या स्नानाची पहिली घागर ठकूबाईंच्या घरची असे, आणि ती सुनेनं डाव्या कमरेवर आणायची, असा रिवाज. त्या सकाळी सासूनं बजावलं, घागर पोचली नाही तर तशीच माहेरची वाट धर. साळूनं घागर उजवीकडे घेऊन पाहिली. ठकूबाईंनी ती हिसकून डावीकडे ठेवली. मठाची पायरी चढताना आत अशी कळ निघाली, की साळूच्या डोळ्यांपुढे अंधार आला.

"महाराज, घागर सांभाळा," एवढंच ती पुटपुटली.

आणि काय सांगावं, कळ जागच्या जागी विझली! साळू ताठ चालत आत आली, आणि पाटावर बसलेले महाराज कळवळून एका अंगावर कलले.

एकच धावपळ उडाली. ठकूबाई गेरूची वाटी घेऊन पुढे झाल्या. त्यांनी महाराजांची कमर निरखून पाहिली. फोड नाही, लाली नाही. रेघ ओढावी तर कुठे? वाकताना पदराचं टोक तेवढं तिथे लागलं, आणि महाराजांच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं.

महाराज सोंग करत नाहीत, हे ठकूबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"महाराज, हे कशाला घेतलंत?"

महाराज म्हणाले, "तिच्या दुखण्याला तुझ्या घरात कुणी जागा देईना. आमच्याकडे होती."

"मग आता मला द्या."

"तुला पेलायचं नाही, ठकूबाई. तू गाव डोक्यावर घेशील," म्हणून महाराज त्या कळेतही हसले.

ठकूबाईंनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. बऱ्याच वेळाने उठल्या, त्या सुनेकडे वळल्या. सारा मठ ऐकत होता, आणि हळू बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"साळू, मी चुकले हे एकदाच सांगणार आहे, नीट ऐकून घे. माझा गेरू कातडीपुरताच होता. तुझं दुखणं खरं होतं."