गारठलेली कॉइल आणि इमानी जाळी

आटपाट सोसायटी होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर कुमुदताईंचा एसी होता आणि त्याच्या पोटात तांब्याची एक भित्री कॉइल राहत होती. एका दुपारी तिच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब बसला, तो ओघळलाच नाही. तिथेच त्याचा बर्फ झाला. कॉइल दचकली.

"जाळीमावशी, आज वारा का येत नाही हो?"

"येईल कसा? दोन उन्हाळे धुळीचा एक कण आत सोडला नाही मी!" पुढची जाळी ऐटीत म्हणाली. तिच्या अंगावर धुळीची गोधडीच चढली होती.

"पण खोलीतली उबदार हवा मिळाली नाही, तर मी गोठेन ना!"

"तुझं आपलं काहीतरीच! साधी शिंक आली तरी तुला न्यूमोनिया वाटतो."

खाली कुमुदताईंना उकडायला लागलं. त्यांनी रिमोट दाबून चोविसाचे सोळा केले. तसा बर्फ कॉइलच्या गळ्यापर्यंत चढला. गॅलरीतला म्हातारा कॉम्प्रेसर धापा टाकत ओरडला, "पोरी, असंच चाललं तर मी जळून जाईन!"

"मावशी, सोडा ती धूळ! अहो, कुणीतरी ऐका!" कॉइल रडकुंडीला आली.

तिचा आवाज बसत चालला, तशी जाळी चरकली. सगळी ऐट गिळून तिने अंग झटकलं. धुळीचा गोळा थेट कुमुदताईंच्या चहात पडला.

ताईंनी वर पाहिलं, एसी बंद केला आणि स्टुलावर चढून झाकण उघडलं.

"अगं बाई, पार काकडलीस की! थांब, आधी तुझा बर्फ वितळू दे. तोवर या जाळीला नळाखाली आंघोळ घालते."