ढोल जिथे गप्प राहिला

माळावर सगळेच प्राणी-पक्षी बोलत होते, त्या काळी राखणीचं काम टिटव्यांकडे होतं. कोल्हा दिसला की तो कुठे आहे ते ओरडून त्या माळ जागा करत. आपल्या अंड्यांजवळ मात्र कधी ब्र काढत नसत.

राखणीचे ढोल घडवणारा सुतारपक्षी थोरल्या टिटवीला म्हणाला, "मावशी, तुमच्या सगळ्या हाका ढोलाला ऐकवतो. कोणाची हाक, ते नाव गाळून टाकतो. ढोल शहाणा होईल."

"नावं गाळणार ना? मग घे की!"

नवा ढोल टांगला आणि अख्खा माळ अवाक झाला. कोणी न वाजवता तो घुमायचा आणि कोल्हा यायच्या आधीच त्याची वाट सांगायचा. ओढा, बांध, करवंदीची जाळी! सशांनी हातच जोडले. टिटवीचा ऊर भरून आला. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं: ढोल सगळ्या जागा सांगत होता, पाणवठ्याजवळचे गोटे तेवढे सोडून. तिथेच टिटव्यांची अंडी होती.

"नाव एकही ठेवलं नाही हो, मावशी," सुतारपक्षी अभिमानानं म्हणाला.

बांधाआड कोल्हाही तल्लीन होऊन ऐकत होता. त्यानं हळूच गोट्यांकडे मान वळवली.