आईच्या खोलीतलं बटण

“आमच्या घरात काय कमी आहे, ते तरी सांगा बुवा!”

हेरंब बुटांसकट मठाच्या ओसरीवर चढला होता. लहानपणी याच ओसरीवर तो धोंडोबुवांकडे पखवाज शिकला. मठात सेवेला असलेल्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवा बंगला सोडून त्याची आई, उमाबाई, मठात येऊन राहिली होती. आत्ता ती आत वाती वळत होती.

“उद्या घरी सत्यनारायण आहे. लोक विचारतील, आई कुठंय? काय तोंड दाखवू मी?”

“दिवे कसले लावलेस रे घरात?” बुवांनी विचारलं.

हेरंबची छाती फुगली.

“हॉलमध्ये झुंबर. जेवणाच्या टेबलावर पिवळा, ओट्यावर लख्ख पांढरा. आमच्या बेडरूममध्ये छतात लपवलेले, डोळ्यांवर येत नाहीत. प्रत्येक दिवा मी स्वतः निवडलाय!”

“आणि आईच्या खोलीत?”

“सेन्सरचा. माणूस हलला की लागतो, स्वस्थ बसला की विझतो. तिला उठायचा त्रास नको. नाहीतरी ती दिवे चालूच ठेवते.”

“बटण?”

“बटण कशाला?... हां, जपाला बसली की होतो अंधार. माळ ओढताना बोटं हलतात, तेवढं त्याला कळत नाही. परवा अंधारात उठायला गेली न् पडता पडता वाचली. अहो, हात हलवायचा की! एवढं साधं जमत नाही?”

...

बुवा उठले. हेरंबचं मनगट धरून त्याला कोठीच्या खोलीत नेलं. खोलीला खिडकी नाही. दिव्याचं बटण दाराबाहेर.

“बैस. जप कर.”

हेरंब बसला. बुवांनी दार लोटलं. थोड्या वेळाने त्यांनी बाहेरून बटण बंद केलं.

“बुवा! दिवा गेला!”

“हात हलव की.”

आत एक डबा धाडकन पडला. बुवांनी दिवा लावला. आत शांत झालं... पुन्हा बंद.

“बुवा, पुरे!”

“हात हलव की!” बुवा इतक्या जोरात कधी ओरडले नव्हते.

लागला. विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला.

“अहो, मी आहे ना इथे!” हेरंब आतून किंचाळला. “जिवंत माणूस बसलाय आत! सारखं हात हलवून सांगायचं का, मी आहे म्हणून?”

...

बांगड्या वाजल्या. उमाबाई वाती तशाच हातात धरून उंबऱ्यात उभी होती. तिने बुवांचा हात बाजूला सारला आणि स्वतः दिवा लावला.

हेरंब बाहेर आला. घामाघूम. आईकडे बघवेना त्याला.

“आई... चल घरी.”

उमाबाईने बुवांकडे पाहिलं. बुवांचा राग अजून उतरला नव्हता. ते हेरंबला म्हणाले,

“आधी बटण बसव, मग न्यायला ये. आणि येशील तेव्हा बूट काढून ये.”