सांगणीचं तळं

तळ्याला कुलूप घालणाऱ्यांना ही गोष्ट पाठ आहे. न कळून त्यांनी कुलूप घातलेलं नाही, कळून घातलं आहे. नांदखाडीला येणाऱ्या पाहुण्यांना ते नवी लोखंडी जाळी दाखवतात, सुशोभीकरणाची पाटी दाखवतात आणि जाळीआडची सातवी पायरी दाखवायला विसरतात. म्हणून ती मी दाखवतो. बघा, मधोमध खोलगट झाली आहे. दोरीबाबा तिथे बसला होता, असं सांगतात.

सातशे वर्षं झाली म्हणे. अरबांच्या गलबतातून एक ख्रिस्ती संन्यासी या खाडीत उतरला. अंगावर राखी झगा, कमरेला दोरी, पाठीवर पोथ्या. त्याचं गुल्येल्मो हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो दोरीबाबा झाला. मोठा पंडित. आपल्या मुलखात भल्याभल्यांना त्याने वादात हरवलं होतं. त्याला फारसी येई, इथली भाषा मात्र येत नव्हती. गावचा मुखत्यार, म्हणजे देसला, त्याने बाबाला फारसी जाणणारा दुभाषी दिला. दुभाषी देसल्याच्या ताटात जेवणारा होता.

दर रविवारी बाबा तळ्याच्या पायरीवर उभा राहून सांगे, "पाणी देवाचं आहे, त्याला दुसरा धनी नाही." आणि दुभाषी लोकांना सांगे, "देवाने हे तळं देसल्याला दिलं आहे. मिठागरात राबणाऱ्यांनी शिवलं तर ते आटेल." लोक माना खाली घालत. बाबाला वाटे, श्रद्धेने घालतात. अशी तीन वर्षं गेली.

दरम्यान बाबा फावल्या वेळी मिठागरात बसून एकेक शब्द शिकत होता. एका दुपारी सोमी नावाची मिठागरातली विधवा डबक्यातलं गढूळ पाणी घागरीत गाळताना त्याला दिसली. मोडक्यातोडक्या बोलीत त्याने विचारलं, "तळं सोडून इथे का?"

सोमी खवळली. "मला काय विचारतोस, बाबा? तूच तर दर रविवारी सांगतोस!"

"मी काय सांगतो?"

तिने सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बाबा तिथेच चिखलात बसला.

पुढच्या रविवारी त्याने दुभाष्याला बाजूला केलं आणि स्वतः बोलला. "तीन वर्षं तुम्ही माझ्या नावाने खोटं ऐकलंत. पाप माझं आहे. मी जगभरची शास्त्रं शिकलो, पण माझं बोलणं तुमच्या कानात काय होऊन पडतं, हे एकदाही विचारलं नाही." मग सोमीकडे वळून म्हणाला, "आता मी बोललो ते तू परत सांग." देसल्याने माणसं आडवी घातली आणि पायऱ्या बंद केल्या. तेव्हा बाबाने सातव्या पायरीवर बसून शपथ घेतली, की मिठागरातलं शेवटचं घर या तळ्याचं पाणी पिईपर्यंत मी घोटही घेणार नाही.

चैत्राचं ऊन होतं. चौथ्या दिवशी सोमी घागर घेऊन निघाली, तिच्यामागे अख्खं मिठागर निघालं. एवढी माणसं पाहून देसल्याच्या माणसांनी काठ्या टाकल्या. सोमीने भरलेली ओंजळ बाबाच्या ओठाशी नेली. तो म्हणाला, "आधी मागच्यांना." शेवटची घागर भरली तेव्हा त्याची मान कलली होती. त्या दिवसापासून ती पायरी झिजत गेली, पण भर वैशाखातही कोरडी पडली नाही म्हणे.

आजही दोरीबाबाच्या सणाच्या दिवशी प्रवचन झालं की लगेच पंगत बसत नाही. मिठागराकडच्या वस्तीतली एक बाई उठते आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगते. चुकलं तर प्रवचन करणाऱ्याने पुन्हा बोलायचं. हीच सांगणी.

यंदा मांडव जाळीसमोरच घातला होता. पाहुणे फादर तहानलेल्यांविषयी अर्धा तास फार सुंदर बोलले. पहिल्या रांगेत तळ्याला कुलूप घालणारी सुशोभीकरण समिती माना डोलावत होती. वस्तीतल्या बाया बाटल्यांतून आणलेलं टँकरचं पाणी पीत होत्या. समितीतला एक जण घड्याळ बघून म्हणाला, "उशीर झालाय, यंदा सांगणी राहू द्या."

वस्तीतली कातरीनबाय तोवर उठली होती. "बस रे, भात काही पळून जात नाही," ती त्याला म्हणाली आणि फादरांकडे वळली. "फादर, तुम्ही म्हणालात, तहानलेल्याला पाणी द्या. बरोबर ऐकलं ना मी? मग यांना विचारा, तळ्याची किल्ली कुठे आहे. घरी राहिली असेल तर आम्ही थांबतो."