थोरलीचं घर

माणसाने गुरं पाळायच्याही आधी, एका हरणाच्या पाडसाच्या घशात थोरली आणि धाकटी अशा दोन पेशी शेजारी शेजारी राहत. दोघी सख्ख्या बहिणी.

एके दिवशी श्वासाबरोबर एक विषाणू आला. त्याला ना तोंड, ना हातपाय. पण त्याच्या अंगावरची किल्ली थोरलीच्या कुलपाला नेमकी लागली आणि तो आत शिरला.

आत जाताच त्याचं कवच गळून पडलं. उरला एक हुकूम : माझ्यासारखे आणखी घडवा. थोरलीच्या घरातले कारागीर हुकूम तेवढा ओळखत, तो कुणाचा हे बघत नसत. हातातलं काम टाकून ते तिच्याच मालातून विषाणू घडवू लागले.

"अरे, थांबा!" थोरली ओरडली. कुणी ऐकेना. भिंती ताणत चालल्या. घर फुटलं, तर सगळे विषाणू धाकटीच्या दारात पडणार होते.

"धाकटे, दार लाव!"

"ताई, काय झालं गं?"

"विचारू नकोस, आधी लाव!"

मग थोरलीने विषाणूचा एक तुकडा आपल्या भिंतीबाहेर टांगला. तो पाहून पहाऱ्यावरची पांढरी पेशी धावत आली.

"बाई, आता तुलाच संपवावं लागेल."

"म्हणूनच बोलावलं. ते बाहेर पडायच्या आत आटप."

 पहारेकरणीने घाव घातला. थोरली आतल्या विषाणूंसकट विझली.

धाकटीने भीत भीत दार उघडलं, तेव्हा शेजारची जागा रिकामी होती.  मग तिने स्वतःचे दोन भाग केले आणि नव्या बहिणीला त्या जागी बसवलं.