‘काहीही’ नावाचा पदार्थ

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे त्यांचा एक जुना शिष्य प्रश्न घेऊन आला. शिष्य म्हणायचे खरे, पण तोही आता पिकल्या केसांचा झाला होता. महाविद्यालयात त्याने आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले होते. कोणत्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू एकदम पाहण्याची विद्या त्याने मोठ्या कष्टाने कमावली होती, आणि उतारवयात तिनेच त्याची झोप उडवली होती. भाजी मेथीची आणावी की चुक्याची, येथपासून मृत्युपत्र करावे की नाही येथपर्यंत प्रत्येक प्रश्न त्याच्या मनात वादी आणि प्रतिवादी होऊन उभा राही. न्यायाधीश मात्र काही केल्या येत नसे.

आचार्य ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्याला पाहून त्यांनी सूप थोडे बाजूला सरकवले.

“बैस. तोंडावरून दिसतंय, आज खटला मोठा आहे.”

“तुम्ही हसाल, गुरुजी.”

“हसण्यासारखं असेल तर हसेन. तेवढे दात अजून आहेत.”

शिष्याने सांगायला सुरुवात केली. त्याची पत्नी मोठ्या दुखण्यातून उठली होती. दुखणे गेले, पण अन्नावरची वासना काही परत आली नाही. दोन घास घेई आणि पान बाजूला सारी. अंगावरची लुगडी तिला आता दुसऱ्या कुणाची वाटत. डॉक्टर म्हणाले होते, औषधांचे काम संपले, यापुढे बाई मनापासून जेवल्या तरच उभ्या राहतील. जरा हवापालट करून पाहा. म्हणून मुलाने समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये खोल्या घेतल्या होत्या. मुलगा, सून, नात आणि ही दोघे, असे सारे घर पहिल्यांदाच एकत्र कुठे जाणार होते. सगळे ठरले होते. एकच गोष्ट मुलाने वडिलांवर सोपवली होती. तो म्हणाला होता, “बाबा, जेवणाचं तेवढं तुम्ही ठरवा. आईच्या खाण्यापिण्याचं तुम्हालाच जास्त ठाऊक.”

“मग ठरव की.”

“तेच होत नाही. रिसॉर्टचा व्यवस्थापक म्हणतो, तिन्ही वेळच्या जेवणाचे पैसे आधीच भरा, फॅमिलीला तेच बरं पडतं. पटतं मला. एकदा भरले की डोक्याला ताप नाही, हिला चूल बघायला नको, वेळेवर सगळं समोर येईल. पण लगेच वाटतं, आधी भरलेलं जेवण हा एक फासच. समुद्रावर पोरगी रमली असेल, तर घड्याळ पाहून तिला ओढत आणायचं. पैसे भरलेत म्हणून भूक नसताना जेवायचं. आणि हिनं तिथेही दोन घासच घेतले, तर भरलेल्या ताटाकडे बघून मलाच काहीतरी होईल. बरं, भरू नयेत म्हणावं, तर परमुलखात भरउन्हात खानावळ शोधत फिरायचं. हिला चक्कर आली म्हणजे? उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. इतकी वर्षं शिकवून मला एवढंही ठरवता येत नाही, याची लाज वाटते.”

आचार्य हसले नाहीत. त्यांनी विचारले, “घरात कोण काय खातं?”

हे त्याला पाठ होते. “नातीला शेवयांसारखं लांब काहीतरी लागतं, नाहीतर ती जेवतच नाही. मुलाने भात सोडलाय. सुनेचा सोमवार असतो. माझं पोट तुम्हाला माहीतच आहे. तरुणपणी आम्लपित्तानं धरलं ते अजून सुटलं नाही. मला आपलं सौम्य लागतं. वरण, भात, तूप, भोपळ्याची भाजी.”

“आणि माझी सूनबाई? तुझी बायको?”

“तिचं काही नसतं,” शिष्य कौतुकाने म्हणाला. “त्या बाबतीत मी भाग्यवान. तिला काहीही चालतं.”

आचार्यांचा शेंगेवरचा हात थांबला. “माहेर कुठलं तिचं?”

“खानदेशातलं. जळगावच्या पुढे, तापीकडे.”

“बरं. उद्या दुपारी सगळ्यांना घेऊन माझ्याकडे जेवायला या.”

“आणि माझ्या प्रश्नाचं?”

“जेवल्यावर बोलू. उपाशीपोटी जेवणाचा निर्णय करू नये.”

दुसऱ्या दिवशी सगळे आले. पाने मांडली होती. भांडी झाकलेली होती आणि त्यांच्या रांगेत अगदी शेवटी, फडक्याखाली, एक दगडी खल होता. गुरुगृही जेवायचे म्हणून शिष्याच्या पत्नीने सवयीने पदर खोचला आणि ती वाढायला पुढे झाली. आचार्य म्हणाले, “सूनबाई, तू बैस. आज वाढणार मी.”

“अहो, तुम्ही कशाला? मी वाढते ना. मी मागाहून बसेन.”

“माझ्या घरी मागाहून पंगत नसते. बैस.”

ती संकोचून पतीशेजारी बसली. काठीच्या आधाराने आचार्य भांड्यांजवळच्या पाटावर टेकले. पळी हातात घेऊन त्यांनी सर्वांत आधी तिलाच विचारले, “काय वाढू?”

“काहीही चालेल, गुरुजी.”

आचार्यांनी पळी खाली ठेवली. “काहीही मी आज केलेलं नाही. दुसरं सांग.”

नात खुदकन हसली. शिष्याची पत्नीही हसली. “मग वरणभात वाढा. यांना तो बरा पडतो.”

“त्याला जे बरं पडतं ते त्याच्या पानावर वाढेन. तुझ्या पानावर काय वाढू?”

झाकणाखालून तुपाचा आणि भाताचा वास येत होता. सगळ्यांची पाने कोरी होती, आणि तिने सांगितल्याशिवाय ती कोरीच राहणार हे आता सर्वांना कळून चुकले होते. मुलगा अस्वस्थ होऊन म्हणाला, “आई, सांग ना काहीतरी. पोटात कावळे ओरडताहेत.”

“अरे, पण काय सांगू?”

शिष्याला तिची दया आली. आचार्यांचे हे वागणे त्याला कळत नव्हते. आजारी बाईला असे पंगतीत कोंडीत धरावे, हे त्याला बरेही वाटले नाही. तिची सुटका करावी म्हणून तो पुढे झाला. “गुरुजी, हिला गोड आवडतं. शिरा असेल तर वाढा.”

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. रागाने नव्हे. एखादे मूल अभ्यासात चुकीचे उत्तर देते तेव्हा आई पाहते, तसे.

“गोड तुम्हाला आवडतं,” ती म्हणाली.

शिष्याच्या मनात वादी उठला आणि पुन्हा खाली बसला. सणावारी हिच्या पानात आपण आग्रहाने वाढलेली पुरणपोळी, बासुंदी, श्रीखंड त्याला आठवले, आणि तिने ते निमूटपणे संपवलेलेही आठवले.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, “गुरुजी, त्या खलात काय आहे?”

“विचारलंस म्हणून सांगतो. ठेचा आहे.”

“हिरव्या मिरचीचा?”

“हो.”

“लसूण घालून, की नुसताच?”

“भरपूर लसूण घालून. शेजारची बाई तुझ्याच मुलखातली आहे. सकाळी येऊन कुटून गेली. मला शिंका येऊन येऊन जीव नकोसा झाला.”

मग, काहीतरी वावगे मागत असल्यासारख्या हलक्या आवाजात, तिने विचारले, “कळण्याची भाकरी आहे? ज्वारी-उडदाची?”

“आहे.”

“मग ती वाढा. वर ठेचा. आणि ठेच्यावर थोडं कच्चं तेल.”

शिष्य दचकला. “अगं, काय हे! डॉक्टरांनी तुला—”

“डॉक्टरांनी मला खा म्हणून सांगितलंय. तिखट तुम्हाला वर्ज्य आहे. मला कुणी केलंय?”

सुनेने तोंडाला पदर लावला. आचार्यांनी भाकरी वाढली, खलातला ठेचा वाढला, त्यावर तेलाची धार धरली. मगच त्यांनी बाकीच्यांची पाने भरली. ज्याला जे हवे ते त्याला मिळाले, पण पहिली काही मिनिटे कुणाचेच लक्ष आपल्या पानाकडे नव्हते. ती जेवत होती. भाकरीचा तुकडा मोडून, ठेच्यात दाबून, तेल निथळू न देता तिने पहिला घास घेतला. तिला ठसका लागला. नात पाणी द्यायला उठली, तर तिने हातानेच तिला खाली बसवले. नाक वाहू लागले, डोळे भरून आले, तरी घास थांबला नाही. दुखण्यातून उठल्यापासून दोन घासांवर पान सारणारी ती बाई पूर्ण भाकरी जेवली. मग पान पुढे करून म्हणाली, “अर्धी आणखी. आणि ठेचा बेताने नको.”

शिष्याचे वरणभाताचे पान तसेच होते. त्याने हळूच विचारले, “इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“एका घरात दोन कालवणं कोण करत बसणार? तुमचं पोट दुखायचं, ते मला दिसायचं. माझं काही दुखत नव्हतं.”

“मी विचारलं असतं तर?”

“विचारायचात की तुम्ही. नाही कशाला म्हणू? रोज विचारायचात, ‘तुला चालेल ना?’ पण स्वयंपाक झाल्यावर विचारायचात.”

हे ती इतक्या सहज म्हणाली, की त्यात तक्रार होती की नाही हेही त्याला ठरवता येईना. जन्मभर दुसऱ्यांच्या युक्तिवादातले छिद्र शोधणाऱ्या त्या माणसाला तिच्या वाक्यात एकही छिद्र सापडले नाही.

जेवणे झाली. पोरगी सुनेबरोबर अंगणात गेली. शिष्य आचार्यांजवळ येऊन बसला. त्याची पत्नी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि तोंडावर लाली आली होती.

आचार्य म्हणाले, “तू काल मला विचारलंस की जेवण आधी ठरवावं की न ठरवावं. अरे, तुझ्या घरात तर ते कधीच ठरून बसलं होतं. तुझ्या पोटानं ठरवलं, मग मुलाच्या, मग नातीच्या, आणि त्याची किंमत जिनं भरली तिचं नावही तू काल खाण्याच्या यादीत घेतलं नाहीस. म्हणालास, तिला काहीही चालतं. ‘काहीही’ हा कुणाच्या आवडीचा पदार्थ नसतो. आपलं विचारणं थांबलं, की समोरचं माणूस तो खाऊ लागतं. आणि फार दिवस तो खाल्ला, की अन्नावरची वासनाच मरते.” त्यांनी काठी जवळ ओढली. “पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे अनुमान तू आयुष्यभर पोरांना शिकवलंस. खानदेशातली मुलगी तुझ्या घरात नांदली आणि तुझ्या स्वयंपाकघरातून मिरचीचा ठसका एकदाही बाहेर आला नाही. नसलेल्या धुरावरूनही काही अनुमान करता येतं, बाबा.”

शिष्याने मान खाली घातली. तो म्हणाला, “मग भरू नयेत ना पैसे?”

आता मात्र आचार्य हसले. “पुन्हा मलाच विचारतोस? मी येणार आहे का समुद्रावर? पैसे आधी भरण्यात काही पाप नाही आणि न भरण्यात काही पुण्य नाही. ती सोय आहे, तिनं सोयीचं काम करावं. विचारायचं काम तुझं आहे.”

शिष्य पत्नीकडे वळला. “तुला काय वाटतं? अजून काही ठरलेलं नाही. मी आधी विचारतोय.”

या वेळी त्याने तिच्या वतीने बोलण्याची घाई केली नाही.

“सकाळचा नाश्ता तिथेच असू दे,” ती अखेर म्हणाली. “पोरीला उठल्या उठल्या खायला लागतं. रात्रीचंही भरून टाका. सगळे दमलेले असतात, आणि तुम्हाला अंधारात बाहेरचं काही खाऊन त्रास होतो. दुपारचं तेवढं मोकळं ठेवा.”

“दुपारी काय करायचं?”

“ते मला दुपारी विचारा.”

घरी जाण्याआधी अंगणातूनच शिष्याने व्यवस्थापकाला फोन लावला. सकाळ आणि रात्र, असे त्याने सांगितले. पलीकडचा माणूस सवयीने म्हणाला, “सर, दुपारचंही घेऊन टाका ना. एकदा ठरलं की टेन्शन नाही. दुपारी तुम्हाला आयत्या वेळी काय लागेल ते कसं कळणार?”

शिष्याच्या मनात नेहमीप्रमाणे वादी उठला, प्रतिवादीही उठला. दोघेही त्याच्या तोंडाकडे पाहू लागले.

“ते मला सांगता यायचं नाही,” तो म्हणाला. “थांबा, ज्यांना कळतं त्यांना देतो.”

आणि त्याने फोन पत्नीपुढे धरला. ती क्षणभर गोंधळली. मग पदराला हात पुसून तिने तो कानाला लावला.

“नमस्कार. मी काय म्हणते, तुमच्याकडे हिरव्या मिरच्या ताज्या मिळतात का हो? आणि कुटायला दगडी खल?”

पलीकडून काय उत्तर आले ते कुणाला ऐकू आले नाही. ती मात्र बोलतच राहिली. मिरची कशी भाजायची, लसूण किती घालायचा, तेल कच्चेच का हवे, हे ती त्या अनोळखी माणसाला समजावून सांगत होती. शिष्य शेजारी उभा राहून एकेक शब्द लक्षात ठेवत होता.